‘कोणता शेअर घेऊ?’ हा चौथा प्रश्न आहे

कापसाचं माप झालं, केळीच्या बागेचा हिशेब हातात आला किंवा निवृत्तीची रक्कम बँकेत जमा झाली, की जळगाव-धुळे-नंदुरबारकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता शेअर घेऊ? खरं तर हा चौथा प्रश्न. त्याआधी तीन सुटावे लागतात. हा पैसा परत कधी लागणार? तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या नावावर जातोय? एकदम घालायचा की थोडा थोडा? बाजारात हात पोळलेल्या माणसाशी नीट बोलून बघा. पुष्कळदा शेअर बरा निघतो आणि चूक या तिनांपैकी एका जागी सापडते.

हा पैसा परत कधी लागणार?

पाच वर्षांच्या आत ज्या पैशाला ठरलेलं काम आहे, तो शेअरमध्ये घालू नये. मुलीचं लग्न, इंजिनिअरिंगची फी, ट्रॅक्टरचा हप्ता, जूनमधलं बियाणं-खत, हे सगळं त्यात आलं. बाजार दहा वर्षांत काय देईल याचा अंदाज बांधता येतो, पण येत्या मार्चमध्ये तो कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही.

मार्चचं नाव मुद्दाम घेतलं. ‘पीककर्ज तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, ते शेअरमध्ये फिरवू आणि मार्चअखेर भरून टाकू’ हा हिशेब आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. कागदावर तो चोख दिसतो. पण २०२० साली काय झालं ते बघा. जानेवारीत निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, १२,४०० च्या वर होता आणि २४ मार्चला ७,५११ पर्यंत खाली गेला. दोन महिन्यांत एक लाखाचे साधारण साठ हजार झाले, तेही कर्जफेडीच्या ऐन तोंडावर. व्याजाची सवलत वेळेवर फेडणाऱ्यालाच मिळते. म्हणजे एकतर तोट्यात विकून कर्ज भरा, नाहीतर सवलत घालवा. पुढे बाजार सावरला, पण ज्याने मार्चमध्ये विकलं त्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून आधी राखीव रक्कम बाजूला काढा. पगारदाराने सहा महिन्यांचा घरखर्च, शेतकऱ्याने एका पूर्ण हंगामाचा खर्च. ही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवावी. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. अडकलेल्या ठेवींसाठी खान्देशातल्या लोकांनी किती खेटे घातले आहेत हे इथे वेगळं सांगायला नको. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी राखीव रक्कम तिथे ठेवणं आम्हाला पटत नाही.

खातं कुणाकडे, कुणाच्या नावावर?

डिमॅट खातं, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं, उघडायला बसण्याआधी चार गोष्टी समोर ठेवा: आधारशी जोडलेलं पॅन कार्ड, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर, स्वतःच्या नावाचा रद्द केलेला चेक आणि पांढऱ्या कागदावर केलेली सही. गाडी अडते ती बहुधा नावावर. ‘पाटील’ हे आडनाव इंग्रजीत पॅनवर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने असतं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. ही दुरुस्ती आधी करून घ्या. आज चालून गेलेला फरक वारसांना पुढे फार महाग पडतो, त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलंच आहे.

बँकही तपासा. आपलं एकमेव खातं एखाद्या लहान सहकारी बँकेत असेल, तर ब्रोकरच्या, म्हणजे शेअरची खरेदी-विक्री करून देणाऱ्या संस्थेच्या यादीत ती बँक आहे का, तिथून यूपीआयचं मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी चालते का, हे आधी विचारा. चालत नसेल तर आयपीओचा (कंपनीच्या शेअरच्या पहिल्या विक्रीचा) अर्ज आणि एसआयपीचा (फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीचा) हप्ता दोन्ही अडतात.

अर्जात कुठले बाजार विभाग चालू करायचे ते विचारतात. फक्त ‘इक्विटी’ आणि ‘म्युच्युअल फंड’ ठेवा. फ्युचर-ऑप्शन (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे), कमोडिटी आणि करन्सीवरची खूण काढून टाका. पुढे हवंच असेल तर नंतर चालू करता येतं. वर्षाचा देखभाल खर्च वाचवायचा तर ‘बेसिक सर्व्हिसेस डिमॅट’ मागा. माणशी एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातले शेअर ४ लाखांपर्यंतचे असतील तर वार्षिक शुल्क शून्य, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. नॉमिनी त्याच वेळी भरा. ‘नंतर भरू’ म्हणून सोडलेला रकाना नंतर कुणी भरत नाही.

शेअर खरोखर आपल्या नावावर आले का, हा पुढचा प्रश्न. शेअर ब्रोकरकडे राहत नाहीत, ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या दोनपैकी एका डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरची मालकी नोंदवून ठेवणाऱ्या संस्थेत राहतात. डिमॅट क्रमांक पूर्ण सोळा अंकी असेल तर खातं सीडीएसएलचं, ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर एनएसडीएलचं. सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी खात्यात दिसायला हवा, मध्ये बाजाराची सुट्टी नसेल तर. ब्रोकरच्या ॲपवर दिसणं वेगळं आणि डिपॉझिटरीत दिसणं वेगळं. म्हणून सीडीएसएलच्या ‘इझी’वर किंवा एनएसडीएलच्या ‘आयडियाज’वर स्वतःचं लॉगिन काढा आणि पहिल्या खरेदीनंतर तिथे जाऊन बघा. डिपॉझिटरीकडून ई-मेलवर येणारं एकत्रित विवरणही उघडून वाचायची सवय ठेवा.

ज्यात खरंच लाखो रुपये जातात ती जागा मात्र वेगळी आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये कुणीतरी ओढून घेतं. तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट पडत असतात. मग एक ॲप पाठवलं जातं, ते प्ले स्टोअरवर नसतं, लिंकवरून उतरवायचं असतं. त्यात दहा हजार घातले की आठवड्यात चौदा हजार दिसतात. सुरुवातीला दोन हजार काढूही देतात, तेच आमिष. मोठी रक्कम घातली, काढायला गेलं, की ‘आधी २० टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ असं उत्तर येतं. शेअरच्या नफ्यावरचा कर कुठलाही ब्रोकर असा आगाऊ मागत नाही. तो विवरणपत्र भरताना आपण सरकारला भरतो.

ओळखायचं कसं? सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतंय का ते बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत संस्थांच्या यूपीआय पत्त्यात ‘@’ नंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि पुढे बँकेचं नाव असतं. ‘सेबी चेक’ या सेबीच्याच सुविधेवर तो तपासता येतो. ब्रोकर रोख रक्कम घेऊ शकत नाही आणि दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसेही स्वीकारत नाही. म्हणजे कुणी रोख मागतोय किंवा एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यात भरायला सांगतोय, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. ‘महिन्याला ५ टक्के’ देणाऱ्या योजनेचं गणितही करून बघा: चक्रवाढीने ते वर्षाला जवळजवळ ८० टक्के होतात. इतका परतावा खात्रीने मिळत असता, तर त्या माणसाने बँकेतून कर्ज काढलं असतं, तुमच्या दारात आला नसता.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, शक्यतो त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची संधी तेवढीच असते. नोंदणीकृत ब्रोकरविरुद्ध तक्रार असेल तर आधी ब्रोकरकडे लेखी, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारीच्या पोर्टलवर, तिथेही न मिटल्यास ‘स्मार्ट ओडीआर’ या ऑनलाइन तंटा सोडवणाऱ्या पोर्टलवर. बनावट ॲपच्या बाबतीत मात्र सेबीकडे धाव घेऊन फारसं हाती लागत नाही, तो पोलिसांचा विषय.

एकदम घालू की थोडे थोडे?

पगारदाराला दरमहा एसआयपी सोयीची, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची तारीख ठेवा, संपलं. अडचण शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची असते, कारण त्यांचा पैसा दरमहा येत नाही. केळीचा जून-जुलैत लावलेला मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराचा कांदेबाग यांचे पैसे वेगवेगळ्या वेळी हाती येतात, कापसाचे दिवाळीनंतर. अशा घराने दर महिन्याची एसआयपी लावली की जून-जुलैत खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो आणि बँक वर दंड लावते.

त्याऐवजी हे करा. हंगामाचा पैसा आला, राखीव रक्कम काढली, की गुंतवायची रक्कम एखाद्या फंड घराण्याच्या लिक्विड फंडात टाका आणि त्याच घराण्याच्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्याच कंपन्या घेणाऱ्या फंडात) दरमहा ठरलेली रक्कम वळवायची सूचना द्या. याला एसटीपी म्हणतात. समजा १ लाख २० हजार आहेत, तर महिन्याला १० हजार असे बारा महिने. पुढचा हंगाम येईपर्यंत पैसे आपोआप जात राहतात, मध्येच गरज पडली तर लिक्विड फंडातली उरलेली रक्कम साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत येते. वळवलेला प्रत्येक हप्ता कराच्या दृष्टीने लिक्विड फंडातून केलेली विक्री असते, पण त्यावरचा नफा किरकोळ असतो.

फंड घेताना ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन प्रकार दिसतील. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन दरवर्षी रकमेतून कापलं जातं. फरक एक टक्क्याचा धरला तर दहा लाखांवर वर्षाला दहा हजार. मध्यस्थ खरंच सल्ला देत असेल, पडत्या बाजारात घाईने विकू देत नसेल, तर ते पैसे वसूल आहेत. नुसता फॉर्म भरून देत असेल तर नाहीत.

आता, कोणता शेअर?

पहिली दोन-तीन वर्षं एकही नाही. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या, पन्नास मोठ्या कंपन्या एका फटक्यात येतात. त्या काळात बाजाराची एक मोठी घसरण स्वतःच्या पैशावर बघून होते. ती बघून झोप लागते का, हे कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. त्यानंतर एकेक शेअर निवडायची हौस असेल तर एकूण गुंतवणुकीच्या १५-२० टक्क्यांत भागवा.

‘पण अमळनेरच्या लोकांनी एकच शेअर धरून ठेवला आणि श्रीमंत झाले ना?’ झाले. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, अमळनेरात वनस्पती तूप बनवायची. गावकऱ्यांनी तेव्हा घेतलेल्या शेअरचं पुढे सोनं झालं हे खरं. पण त्याच गावातल्या प्रताप मिलचं काय झालं? जळगावच्या खान्देश मिलचं काय झालं? त्या काळात मिल हाच भरवशाचा धंदा होता, तूप बनवणारी नवी कंपनी नव्हे. धरून ठेवण्याचा सल्ला जिंकलेल्या कंपनीकडे बघूनच दिला जातो. बुडालेल्या कंपनीचे शेअर धरून बसलेल्याची मुलाखत कुणी घेत नाही.

दुसरी समजूत, ‘आपल्या डोळ्यांसमोरची कंपनी आहे, कळतं आपल्याला.’ जैन इरिगेशनचं ठिबक खान्देशातल्या शेताशेतात आहे. माल चांगला, मागणी चांगली. तरीही २०१९ मध्ये कंपनी कर्जफेडीत अडकली आणि २०२० च्या सुरुवातीपर्यंत शेअर एकअंकी भावावर आला. कर्जाची पुनर्रचना पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं. नळ्या शेतात जात होत्या, पण सरकारी प्रकल्पांचे आणि अनुदानाचे पैसे यायला वेळ लागत होता आणि मधला खड्डा कर्जाने भरला जात होता. हे शेताच्या बांधावरून दिसत नाही, ताळेबंदात दिसतं.

जळगावचा डाळमिलवाला हे क्षणात ओळखेल. डाळ उधारीवर विकली, वहीत नफा लिहिला, पण पैसे सहा महिने आले नाहीत आणि तूर घ्यायला बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उधारी वापरावी लागली, तर नफा कागदावरच राहिला. कंपनी तपासतानाही तोच डोळा वापरा. वार्षिक अहवाल तीनशे पानांचा असतो, सगळा वाचायची गरज नाही. मागच्या पाच वर्षांचे हे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा:

- विक्री आणि निव्वळ नफा
- धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड. ही पाच वर्षांच्या बेरजेत नफ्याच्या आसपास हवी
- येणं बाकी. विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर माल खपत नाहीये, ढकलला जातोय
- एकूण कर्ज आणि वर्षाचं व्याज
- प्रवर्तकांचा हिस्सा आणि त्यातला गहाण ठेवलेला भाग

नफा वाढतोय, रोकड येत नाही आणि कर्ज फुगतंय, हे तिन्ही एकत्र दिसले की कंपनी कितीही ओळखीची असो, बाजूला ठेवा. प्रवर्तकांनी निम्म्याहून जास्त शेअर गहाण टाकले असतील तरी तेच, कारण भाव पडला की सावकार ते शेअर बाजारात विकतो आणि भाव आणखी पडतो.

‘८ रुपयांचा शेअर स्वस्त, ८,००० चा महाग’ हा हिशेबही सोडा. कंपनीचे शंभर तुकडे केले की लाख, त्यावर तुकड्याचा भाव ठरतो. म्हणूनच १:१ बोनस (एका शेअरमागे एक फुकट शेअर) मिळाल्यावर शेअर दुप्पट होतात आणि भाव निम्मा. त्यात ना नफा झाला ना तोटा. दोन-पाच रुपयांचे शेअर ग्रुपवर चढवून विकणाऱ्यांचा सारा धंदा याच गैरसमजावर चालतो. त्यात खालचं सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा लागली की घेणारा कुणीच नसतो आणि रोज विक्रीची ऑर्डर टाकूनही शेअर जात नाही.

ऑर्डर टाकताना काय चुकतं?

बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०. पहिली पंधरा मिनिटं नवख्याने सोडून द्यावीत, भाव उड्या मारत असतात. स्क्रीनवर चार जागा बघायच्या असतात.

आधी ‘डिलिव्हरी’ की ‘इंट्राडे’. काही ॲपवर डिलिव्हरीला ‘सीएनसी’ आणि इंट्राडेला ‘एमआयएस’ म्हणतात. चुकून इंट्राडे राहिलं तर बाजार बंद होण्याआधीच ब्रोकर तो शेअर आपोआप विकून टाकतो, वर शुल्क लावतो. दुसरी जागा ‘एमटीएफ’ किंवा ‘पे लेटर’ची खूण. ती चालू असेल तर बाकीचे पैसे ब्रोकर उधार देतोय. स्वतःचे १० हजार आणि उधार ४० हजार, व्याज १५ टक्के धरलं, तर महिन्याला साधारण ४९० रुपये, म्हणजे तुमच्या दहा हजारांवर जवळजवळ पाच टक्के. शेअर २० टक्के पडला की तुमचे दहा हजार संपले. ही खूण बऱ्याच ॲपवर ठळक जागी असते, का ते उघड आहे. तिसरी, ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाला) ऐवजी ‘लिमिट’ (आपण ठरवलेल्या भावाला) ऑर्डर ठेवा, विशेषतः कमी उलाढालीच्या शेअरमध्ये. चौथी, संख्या आणि रुपये यांच्या रकान्यांची अदलाबदल. हसू येईल, पण होते.

खर्च लहान रकमेत टोचतो. डिलिव्हरीत खरेदीला ०.१ टक्के आणि विक्रीला ०.१ टक्के एसटीटी हा व्यवहार कर, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, ब्रोकरेज, त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय विकताना प्रत्येक कंपनीमागे त्या दिवसाचं एक ठोक डीपी शुल्क (डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढायचं), साधारण १५-२० रुपये. २० हजारांच्या विक्रीत ते कळतही नाही, दोन हजारांच्या विक्रीत एक टक्क्याच्या घरात जातं. म्हणून पाचशे-पाचशेचे वीस शेअर गोळा करण्यात अर्थ नाही.

फ्युचर-ऑप्शनबद्दल एवढंच: सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. क्लास लावून त्या सात टक्क्यांत जाता येतं असं सांगणारा क्लासच्या फीवर जगतो.

आयपीओसाठी एका पॅनवर एकच अर्ज, यूपीआय स्वतःच्याच बँक खात्याचं, किंमत ‘कट-ऑफ’, म्हणजे बोलीतून जो भाव ठरेल तो. पैसे खात्यातच अडकून राहतात, शेअर न लागल्यास मोकळे होतात. एसएमई, म्हणजे लहान कंपन्यांच्या आयपीओमध्ये आता किमान अर्जच २ लाखांच्या वरचा असतो. नोंदणीआधी बाजाराबाहेर बोलला जाणारा ग्रे मार्केटचा भाव हा अनधिकृत आकडा आहे, त्यावर २ लाख लावू नयेत.

कर किती?

शेअर किंवा इक्विटी फंड बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. बारा महिन्यांनंतर विकला तर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. लाभांश नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षाला १० हजारांहून जास्त आला तर कंपनी आधी १० टक्के कापते.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही ना आता?’ नव्या पद्धतीतली ती सूट शेअरच्या या खास दराच्या नफ्याला लागत नाही. ‘शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग त्या पैशातून घेतलेल्या शेअरचा नफा?’ शेतीचा पैसा करमुक्त, शेअरचा नफा नाही. ‘बायकोच्या नावावर घेतले तर?’ पैसा नवऱ्याचा असेल तर नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. सज्ञान मुलाला दिलेल्या पैशाला मात्र हा नियम नाही. तोटा झाला असेल तर तो पुढची आठ वर्षं नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. उत्पन्न कमी आहे म्हणून विवरणपत्रच न भरणारे हा हक्क फुकट घालवतात.

घरात जुने कागदी शेअर सापडले

अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडे हा प्रश्न अजूनही येतो. आजोबांच्या पेटीत पिवळा पडलेला दाखला निघतो, त्यावर विप्रोचं नाहीतर दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव, आणि घरात एकदम कुजबुज सुरू होते. घाई करू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर थेट चढवता येत नाहीत, ते डिमॅटमध्ये आणावेच लागतात. ‘कागद मला द्या, मी लगेच रोख देतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच कागद देऊ नये.

आधी दाखल्यावरचा फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या वहीतला धारकाचा खाते क्रमांक शोधा. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘गुंतवणूकदार’ विभागात तिच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे भागधारकांची नोंद सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव आणि पत्ता असतो. फोलिओ क्रमांक, धारकाचं नाव आणि जुना पत्ता लिहून रजिस्ट्रारला तीन गोष्टी विचारा: आज या फोलिओत किती शेअर आहेत, कोणत्या वर्षांचा लाभांश घ्यायचा राहिला आहे, शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेले आहेत का. दाखल्यावरचा आकडा आजचा आकडा नसतो. विप्रोचंच बघा: दर्शनी किमतीचं विभाजन झालं, नंतर २०१७ मध्ये १:१, २०१९ मध्ये तीनाला एक आणि २०२४ मध्ये पुन्हा १:१ बोनस आला. शिवाय २०१३ मध्ये साबण-दिव्यांचा धंदा विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या, बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत गेला. पेटीत तिचाही कागद असेल तर त्याचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो.

धारक हयात असेल तर काम सोपं. रजिस्ट्रारकडे ठरावीक फॉर्म द्यायचे असतात. आयएसआर-१ मध्ये पॅन, पत्ता, बँक. आयएसआर-२ वर बँक मॅनेजरकडून सहीची खात्री. एसएच-१३ वर नॉमिनी. चाळीस वर्षांपूर्वीची सही आज जुळत नाहीच, त्यासाठीच आयएसआर-२ आहे. मॅनेजरची सही, शिक्का आणि कर्मचारी क्रमांक असा तिन्हींचा ठसा स्पष्ट घ्या, अर्धवट शिक्क्यावरून अर्ज परत येतात. दाखल्यावर दोन नावं असतील तर डिमॅट खातं त्याच दोन नावांचं, त्याच क्रमाने हवं. दाखला हरवला असेल तर आयएसआर-४, आणि रक्कम मोठी असल्यास पोलीस तक्रार व वर्तमानपत्रातली जाहिरात.

धारक वारले असतील तर आयएसआर-५, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं. नॉमिनी असला तर एवढ्यावर भागतं. नसला तर ठरावीक मर्यादेपर्यंत बाकीच्या वारसांचं ना-हरकत आणि हमीपत्र चालतं, त्यापुढे न्यायालयाचा वारस दाखला. इथे बहिणींच्या सह्या लागतात, लग्नानंतरच्या बदललेल्या नावाच्या पुराव्यासकट. सातबाऱ्यावरून भांडण चालू असलेल्या घरात शेअरचं काम याच टप्प्यावर थांबतं. दाखल्यावर नुसती आद्याक्षरं आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र लागतं. रजिस्ट्रारने पुष्टीपत्र पाठवलं असेल तर १२० दिवसांच्या आत ते डिमॅटसाठी ब्रोकरकडे द्या.

सात वर्षं लागोपाठ लाभांश उचलला नाही तर शेअरच आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात. बुडत नाहीत, मधल्या काळातला बोनसही मिळतो. वारसाने आधी कंपनीकडे वारसहक्काची कागदपत्रं पूर्ण करावीत, मग आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत, हमीपत्र, आगाऊ पावती, मूळ दाखला आणि डिमॅट खात्याचा ‘क्लायंट मास्टर’ (खात्याच्या तपशिलाचा कागद) कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावा. अर्जाला सरकारी फी नाही. मिळालेल्या रकमेत टक्का मागणारे एजंट आहेत. कागदपत्रं गोळा करायला माणूस हवाच असेल तर ठोक रक्कम ठरवा. कोऱ्या कागदावर किंवा विक्रीच्या अधिकारपत्रावर सही करू नका.

शेवटी विकताना कराचा एक पेच. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरची खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो, विक्रीभावाच्या मर्यादेत. त्यानंतर आलेल्या बोनसची किंमत मात्र शून्य. समजा त्या तारखेला घरात विप्रोचे ६०० शेअर होते. २०१९ च्या बोनसने ८०० झाले, २०२४ च्या बोनसने १,६००. म्हणजे १,००० शेअर शून्य किमतीचे. भाव २५० धरला आणि २०१८ चा भाव त्याहून जास्त असेल, तर जुन्या ६०० वर नफा नाही, उरलेल्या १,००० वर पूर्ण अडीच लाख. एकाच वर्षात सगळे विकले तर सूट वजा जाऊन सव्वा लाखावर १२.५ टक्के, म्हणजे १५,६२५ रुपये, वर ४ टक्के उपकर. जुने शेअर डिमॅटमध्ये आधी आलेले असतील तर मार्चमध्ये १,१०० आणि एप्रिलमध्ये ५०० विकले, की दोन्ही वर्षांत सव्वा-सव्वा लाख नफा आणि कर शून्य. निम्मे-निम्मे, म्हणजे ८००-८०० विकले तर हे जमत नाही, कारण आधी आलेले शेअर आधी विकले असं धरतात आणि दुसऱ्या वर्षात दोन लाख नफा पडतो. खात्यात कोणते शेअर कोणत्या तारखेला जमा झाले ते डिपॉझिटरीच्या विवरणात छापलेलं असतं. विक्रीची ऑर्डर टाकण्याआधी ते विवरण सीएसमोर ठेवा.